अकरा रविवारांचा काठ

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या प्रदीर्घ कार्यकाळातील निवडक अनुभव पाठवावेत.' स्पष्ट सांगते. माझा कार्यकाळ पाच वर्षांचा आहे आणि त्यातला निम्मा एसटी स्टँडवर गेला आहे. निवृत्त होण्याचा प्रश्न नाही, कारण त्यासाठी आधी कुणीतरी नेमावं लागतं. मला कुणी नेमलेलं नाही. मी पत्रकं लिहिते. रस्त्यासाठी, रेशनसाठी, हातपंपासाठी. पाठपोट एक कागद, वर ठळक अक्षरात सवाल, खाली मागण्या आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल'. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की एकदा मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेच्या मजकुरात ते जवळजवळ गेलंच होतं.

पण या वर्षांत मी जे काम खरोखर शिकले ते पत्रकांचं नाही. ते काठ मोजण्याचं. यवतमाळ जिल्ह्यात काठ मोजते म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कोणता समुद्र?" समुद्र नाही. धरणं आहेत, तलाव आहेत, आणि पाणी आहे तिथे काठ आहे. समुद्राचा काठ चार पावलं सरकला तर पेपरात छापून येतं. आमच्या तलावाचा काठ दर वर्षी शेतंच्या शेतं ओलांडून खाली जातो आणि पावसाळ्यात परत वर येतो. त्यावर आजवर एका ओळीची बातमी नाही. याचा निषेध मी तीन पत्रकांत केला आहे, इथे चौथ्यांदा करते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तलाव भरला की पाणी जिथवर चढतं तिथे पाटबंधारे खात्याचे दगड पुरलेले असतात. दिवाळीच्या सुमारास कालव्याला पाणी सुटतं आणि पाणी खाली उतरू लागतं. मागे उरतो काळा, ओला, लोण्यासारखा गाळ. त्या गाळात नांगर लागत नाही, खत लागत नाही. बोटानं भोक पाडायचं, दाणा टाकायचा, बोटानंच बुजवायचं. याला गाळपेर म्हणतात. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना या जमिनीचा एकेक वर्षाचा पट्टा मिळतो. पाणी उतरेल तसं माणूस खाली खाली पेरत जातो.

पुसदच्या बाजारातून एसटीनं तासभर गेलं की सावरखेडी लागतं. जुनं सावरखेडी तलावात आहे, नवं टेकडीवर. तिथे कौसाबाई राहतात. साठीच्या पुढच्या, एकट्या, आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस वळून पाहते. धरण होण्याआधी त्यांच्या सासऱ्याचं दोन एकर वावर होतं. कौसाबाई नवी नवरी म्हणून आल्या आणि त्यांनी तीन हंगाम त्या वावरात कापूस वेचला. मग पाणी आलं. आता त्यांना मिळतो तो गाळपेरीचा तुकडा नेमका त्याच वावराचा आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला गाळातून वर आलेली दगडांची रांग, जुन्या वावराचा बांध, दाखवली.

"हा आमचा धुरा. पाणी मले वर्सातून पाच महिने माह्यं वावर वापस देते. सरकारनं एक दिवस नाही देल्लं."

हे वाक्य मी लगेच पत्रकात घातलं. मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. त्या वर्षी कुठल्याशा कार्यालयात (नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे) एक आराखडा तयार झाला. तलावकाठाचं सुशोभीकरण. त्याचं रंगीत चित्र मी पाहिलं आहे. नारळाची झाडं. बाकडी. वाळूची चौपाटी. मधोमध कारंजं आणि कारंज्यातून उडी मारणारा सिमेंटचा डॉल्फिन. आणि निळाशार तलाव, बारा महिने दगडांपर्यंत भरलेला. कौसाबाईंचा तुकडा त्या निळ्या रंगाखाली होता. त्यांनी पट्ट्यासाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, 'सदर जमीन पाण्याखाली असल्याने पट्टा देता येत नाही.'

अर्ज घेऊन कौसाबाई आमच्याकडे आल्या. "पोरी, मी हरबरा पेरून राह्यली अन् हे म्हणते तिथं पाणी हाय. मंग मी काय बदक हाय?"

आमची संघटना लहान आहे, पण उत्साह मोठा. आम्ही ठरवलं, काठ मोजायचा. पाणी कुठवर होतं आणि कुठवर गेलं ते तारखेसह कागदावर आणायचं. पद्धत सोपी आहे. दगडापाशी एक खुंटी पक्की ठोकायची. दर आठवड्याला खुंटीपासून पाण्यापर्यंत टेप धरायची. आकडा लिहायचा. आकडा वाढत गेला की काठ सरकला. खात्याचा दगड तिथे होताच, त्याच्यापासूनच मोजता आलं असतं. पण आम्हाला आमची स्वतःची खुंटी हवी होती, संघटनेच्या रंगाची. पाच खुंट्या रंगवल्या, ठोकल्या, फोटो काढले. मोजणीची जबाबदारी कौसाबाईंवर. साक्षरता वर्गात त्या आकडे शिकल्या होत्या आणि सुंदर लिहायच्या, त्यांचा आठ तर दागिन्यासारखा. आम्ही त्यांना टेप दिली, छापील तक्ते दिले, टाळ्या वाजवल्या. आणि मी निघून गेले.

कुठे गेले? झरी जामणीला, एका पाड्याच्या रस्त्यासाठी धरणं द्यायला. धरणं लांबलं. तक्ते पाकिटातून येत गेले. मी ते उघडले नाहीत. आकडे वाचणं हे समोरच्या पार्टीचं काम आहे, आपलं काम बोलणं, अशी माझी तेव्हा समजूत होती. मी पाकिटं एकावर एक ठेवली, वर एक जहाल निवेदन जोडलं ('काठ सरकतो आहे, शासन मात्र जागचं हलत नाही!') आणि 'सोबत : प्रत्यक्ष मोजणीचे तक्ते' असं लिहून त्याच कार्यालयात दिलं. पोच घेतली. फोटो काढला.

आठ दिवसांत तिथल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, या हो जरा. तुमचे तक्ते फारच उपयोगी आहेत." असा फोन मला त्याआधी कधी आला नव्हता. मी नवा कुर्ता घालून गेले.

साहेब चाळिशीतले, सभ्य, कपाळावर कायम घाम. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि तक्ते माझ्यापुढे पसरले. पाच खुंट्या. सात मोजण्या. प्रत्येक रकान्यात कौसाबाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच आकडा. शून्य. शून्य. शून्य. पस्तीस शून्यं, एकाहून एक गोल.

"म्हणजे काठ स्थिर आहे," साहेब म्हणाले.

"हे कसं शक्य आहे? तुम्ही जाऊन बघा, पाणी कुठल्या कुठे गेलंय!"

"असेल ना. पण तुमच्या मोजणीप्रमाणे ते पहिल्यापासून तिथेच होतं." साहेबांनी नकाशा काढला. "हे पहा. आमच्या नकाशाप्रमाणे ही जमीन कायम पाण्याखाली आहे. म्हणून गाळपेर नाही. पाणी आज लांब आहे असं तुम्ही म्हणता आणि तुमच्या तक्त्याप्रमाणे ते हललंच नाही, म्हणजे ही जमीन पाण्याखाली कधी गेलीच नाही. म्हणूनही गाळपेर नाही. पहिल्यांदाच आपलं एकमत झालं, मॅडम."

मी चहा प्याले. दुसरं काय करणार?

आणि मग कळलं की साहेबांना माझे तक्ते एवढे का आवडले. वरून एक प्रपत्र आलं होतं, 'किनाऱ्यातील बदलांची माहिती'. बनवलेलं समुद्राच्या जिल्ह्यांसाठी, पण पाठवलं सगळ्यांना. साहेबांनी आपल्या परीनं 'निरंक' लिहून परत पाठवलं होतं. तर ते लाल शेऱ्यासह वापस आलं : 'निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.' आता यवतमाळमध्ये किनाऱ्याची मोजणी करणारं कोण? आम्हीच. साहेबांनी माझ्यासमोरच 'किनाऱ्याची स्थिती' या रकान्यात लिहिलं, 'स्थिर'. पुढचा रकाना होता भरती-ओहोटीच्या वेळा.

साहेबांनी तलावावरच्या चौकीदाराला, शंकरभाऊंना, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"शंकरभाऊ, पाणी कधी उतरते?"

"मी सकाळी चहा पेऊन कालव्याचा वाल खोलतो, साहेब. तवापासून उतरते."

"अन् चढते कधी?"

"चढत नाही, साहेब. आता आखाडातच चढन."

"दोन रकाने आहेत, भाऊ. चढलंच पाहिजे."

मग शंकरभाऊ म्हणाले, "संध्याकाळी मी वाल बंद करतो. पाणी थांबते. त्याले चढलं म्हणता का तुम्ही?"

साहेबांनी लिहिलं. ओहोटी : सकाळी चहानंतर. भरती : सायंकाळी, व्हॉल्व्ह बंद केल्यावर. पृथ्वीवर बाकी सगळीकडे हे काम चंद्राकडे आहे. आमच्याकडे शंकरभाऊंकडे आहे.

मी उठले. साहेब म्हणाले, "शनिवारी पाहणीला येतो. प्रपत्रासोबत फोटो लागतो किनाऱ्याचा. त्यानंतर फाईल बंद. काही नवीन असेल तर तोवर दाखवा." फाईल बंद म्हणजे कौसाबाईंचा तुकडा कायमचा गेला आणि तिथे डॉल्फिन. कौसाबाईंनी काहीही चूक न करता. चूक माझी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सावरखेडी गाठलं. कौसाबाई काठावर होत्या. आणि आमची लाल खुंटी त्यांच्या पायाजवळ, पाण्याला टेकून ठोकलेली. दगडांपासून इतक्या खाली की दगड शेंगदाण्याएवढे दिसत होते.

"मावशी, खुंटी काहून हलवली?"

"हलवली नाही तं काय!" त्या अभिमानानं म्हणाल्या. "पाणी रोज खाली जाते. तूच म्हणली होती ना, खुंटीपासून पाणी मोजा लागते. खुंटी तिकडं अन् पाणी इकडं, मंग मोजन कसं? मी रोज सकाळी पाची खुंट्या उपडते अन् पाण्यापाशी आणून ठोकते. एक दिवस चुकली नाही. तापात होती तवाही आली."

"तेच तर मोजायचं होतं, मावशी! पाणी किती लांब गेलं ते!"

"मंग तसं सांगा लागत होतं. मले वाटलं, तुले पाण्याजवळ खुंटी पायजे. शहरातली पोरगी, उन्हात कायले एवढी चालन."

मी राळेगाव तालुक्यातली, कपाशीत वाढलेली. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी ओरडले. खरंच ओरडले. म्हणाले की या शून्यांमुळे पट्टा गेला, आता सगळं संपलं, साहेब शनिवारी फाईल बंद करणार. कौसाबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या हातात खुंट्या ठोकायची मोगरी होती, ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"म्हणजे मी माह्याच हातानं घालवलं?"

मी सांगितलंच नव्हतं नीट. टाळ्या वाजवल्या होत्या फक्त.

कौसाबाई चिखलात तशाच उकिडव्या बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी वर, दगडांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुह्या खुंट्या हलल्या, पोरी. माह्या ओळी तं नाही हलल्या."

"कोणत्या ओळी?"

"डोळे हाय ना तुले? हरबरा पाह्य."

मी पाहिलं. तोवर मला ते नुसतं हिरवं रान दिसत होतं. आता दिसलं की तो हरभरा जिन्यासारखा आहे. वर दगडांजवळचा गुडघ्याला लागणारा, घाट्यांनी भरलेला. त्याच्या खालचा थोडा बुटका, त्यात घाटे कोवळे. त्याच्या खालचा फुलावर. मग नुसता पाला. आणि अगदी खाली, पाण्यापासून दोन हातांवर, आत्ता कुठे माती फोडून वर येणारे टोच. अकरा पट्टे. प्रत्येक पट्ट्याची उंची वेगळी.

"मी रविवारीच पेरते," कौसाबाई म्हणाल्या. "विहारात वंदना झाली का तिथूनच येते, पांढरं लुगडं खोचून. त्या दिवशी पाणी जिथं असन तिथं एक पट्टा. पाणी जवळ पायजे, नाही तं दाणा निंगत नाही. पुढचा रविवार, पुढचा पट्टा. कधी सोमवार नाही केला अन् कधी शनिवार नाही केला. इचार विहारात कोनालेही."

म्हणजे प्रत्येक पट्ट्याची खालची कड हा त्या रविवारचा काठ होता. आमच्या पस्तीस शून्यांच्या बाजूला, त्याच जमिनीवर, त्याच बाईनं दर आठवड्याला काठाची नोंद केली होती. तारीख माहीत, जागा माहीत, आणि उपटून दुसरीकडे नेता येणार नाही अशी. शासनाकडे यंत्रं आहेत. आमच्याकडे घोषणा होत्या. मोजणी मात्र हरभऱ्यात होती.

आम्ही दोघींनी त्या दिवशी टेप धरली. या वेळी दगडापासून. पहिला रविवार, दुसरा रविवार, अकरापर्यंत. कौसाबाई आकडे लिहीत होत्या आणि दर आकड्याला मला टोमणा मारत होत्या. "लिव्हू का शून्य?"

शनिवारी साहेब आले. जीपमधून उतरले, पॉलिशचे बूट, हातात मोबाईल. प्रपत्राची अट अशी की फोटो किनाऱ्यावर उभं राहून काढायचा आणि जागेची नोंद फोटोत आली पाहिजे. साहेब हरभऱ्याच्या मधोमध उभे राहिले, मोबाईलकडे पाहिलं आणि थबकले. मोबाईलच्या नकाशावर त्यांचा निळा ठिपका तलावाच्या आत होता.

"मी पाण्यात दिसतोय," साहेब म्हणाले.

कौसाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मंग बूट काढा, साहेब. खराब होतीन."

शंकरभाऊ मागे उभे होते, ते तोंड फिरवून खोकले. साहेब चार पावलं खाली गेले. ठिपका आणखी खोल. चार पावलं वर आले. ठिपका तरीही पाण्यात. ते तसे इकडून तिकडे फिरत राहिले, कोरड्या जमिनीवर, किनारा शोधत. कौसाबाई म्हणाल्या, "पोहता येते ना साहेबायले?"

मी तेव्हा हसले नाही, हे मला स्वतःच्या श्रेयात नोंदवायचं आहे. मी साहेबांना पट्टे दाखवले. टेप दिली. साहेबांनी स्वतः मोजलं. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत ते अधिकारी होते. चौथ्यापासून त्यांना मजा येऊ लागली. सातव्याला त्यांनी बूट खरंच काढले. अकराव्यापाशी ते चिखलात वाकून टोच पाहत होते. ते म्हणाले, "आमच्या घरी होतं वावर. विकलं."

मग घाम पुसून म्हणाले, "मला पटलं, मॅडम. पण नकाशा मी बदलू शकत नाही. आणि प्रपत्रात शेतीचा रकानाच नाही. समुद्रावर कोण शेती करतं?"

"कोणते रकाने आहेत?"

साहेबांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर होता, 'किनारी वनस्पती (खारफुटी इ.)'. आणि त्याखाली प्रकार, वय, उंची, अंतर.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागले. प्रकार : हरभरा. वय : एक आठवडा. उंची. दगडापासून अंतर. पुढची ओळ. प्रकार : हरभरा. वय : दोन आठवडे. अकरा ओळी भरल्या. 'स्थिर' खोडून लिहिलं, 'दर आठवड्यास सरकतो, तपशील वनस्पतींच्या तक्त्यात'. आजवर माझ्या एकाही पत्रकात इतकं नेमकं वाक्य आलेलं नाही.

महिनाभरानं वरून पत्र आलं. ते मी फ्रेम करून ठेवणार होते. 'सदर किनारी वनस्पतींचे संरक्षण करण्यात यावे. त्या पट्ट्यात बांधकाम प्रस्तावित करू नये. वनस्पतींची तोड करू नये.' डॉल्फिन गेला! नारळ गेले! आम्ही पेढे वाटले. कौसाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "तोड करू नये म्हणजे? मी हरबरा सोंगू नको?"

वरचे पट्टे सोंगणीला, म्हणजे कापणीला, आले होते. पुन्हा अर्ज. पुन्हा मी. साहेबांनी दोन दिवस विचार करून उत्तर दिलं, 'नैसर्गिकरीत्या वाळलेली वनस्पती गोळा करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' हरभरा वाळल्याशिवाय कोणी सोंगत नाही, तेव्हा तो सगळा नैसर्गिकरीत्या गोळा झाला. खालच्या पट्ट्यांचे हिरवे घाटे आम्ही काठावर भाजून खाल्ले. ते कोणत्या नियमात बसलं ते शंकरभाऊंनी विचारलं, पण त्यांचंही तोंड भरलेलं होतं.

इथे थांबले असते तर हा लेख विजयाचा झाला असता. पण यंदाच्या उन्हाळ्यात वरून आणखी एक पत्र आलं. कुणीतरी फोटो नीट पाहिला होता. 'सदर वनस्पती इतक्या सरळ ओळींत कशी उगवली, याचा खुलासा करावा.'

साहेब स्वतः सावरखेडीला आले. त्यांच्याकडे दोन खुलासे टाइप केलेले होते. एकात लिहिलं होतं, 'पाण्याच्या लाटांमुळे नैसर्गिकरीत्या'. दुसऱ्यात काही नव्हतं, नुसती रिकामी जागा.

"पहिला पाठवला तर संरक्षण राहील," साहेब म्हणाले. "कुणी पेरलं असं लिहिलं, तर ती वनस्पती नाही, पीक होतं. संरक्षण जाईल. पट्टा मिळेलच असं मी सांगू शकत नाही. डॉल्फिन परत येऊ शकतो."

मी लगेच म्हणाले, "नैसर्गिक लिहा." माझी पाच वर्षं खोटं बोलणाऱ्या कागदांविरुद्ध गेली होती, आणि मी हे एका श्वासात म्हणाले. कारण मी जिंकले होते आणि मला ते जिंकणं हातचं सोडायचं नव्हतं.

कौसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "पेरलं कोनं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, मावशी. पण कागदावर..."

"अकरा रविवार कंबर मोडून एकेक दाना मी पेरला. सासरा मेला, त्याचं नाव त्या वावरावरून गेलं. धरण झालं, गावाचं नाव नकाशातून गेलं. आता हरबरा बी लाटायनं पेरला म्हणू?" त्यांनी साहेबांकडे बोट केलं. "लिव्हा, साहेब. माह्यं नाव लिव्हा. पूर्ण लिव्हा. लाटा गेल्या चुलीत."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन काढला आणि रिकाम्या जागेत हातानं लिहिलं : 'सदर हरभरा मौजे सावरखेडी येथील प्रकल्पग्रस्त श्रीमती कौसाबाई यांनी दर रविवारी पेरलेला असून, त्या त्या दिवशी पाण्याची कड जिथे होती तिथेच पेरला आहे. ओळी सरळ आहेत कारण त्यांनी त्या सरळ पेरल्या.' मग वडिलांचं, नवऱ्याचं नाव आणि आडनाव विचारून सगळं भरलं. कौसाबाईंनी खाली सही केली. शिक्का मारलेली एक प्रत त्यांना मिळाली. त्यांचं नाव आणि ते वावर एकाच सरकारी कागदावर, धरण झाल्यापासून पहिल्यांदा.

उत्तर अजून आलेलं नाही. या अंकाच्या जाहिराती जमा होईपर्यंत येईल असंही वाटत नाही. पट्ट्याचा नवा अर्ज दिला आहे आणि आमच्या मागण्या नेहमीप्रमाणे कायम आहेत : नकाशातली निळी रेघ वर्षातून किमान दोनदा प्रत्यक्ष काठावर येऊन तपासा, गाळपेरीचा रकाना प्रपत्रात घाला, आणि पेरणाऱ्याचं नाव लिहा. अन्यथा. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात सावरखेडीला गेले होते. तलाव काठोकाठ भरलाय, पाणी दगडांना लागलंय, त्या वावराचा मागमूस नाही. कौसाबाईंनी हरभऱ्याचं बी डब्यात राख घालून ठेवलंय आणि शिक्क्याची प्रत त्याच डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. आम्ही दोघींनी दगडाला लागून एक खुंटी ठोकली. बिनरंगाची, बाभळीची. कौसाबाईंनी मोगरीचे इतके घाव घातले की खुंटी निम्मी जमिनीत गेली.

"आता हलवून दाखव म्हणा कोनाले," त्या म्हणाल्या.

मी टेपचं एक टोक खुंटीला धरलं, दुसरं पाण्याला. दोन्ही एकाच जागी. तक्ता माझ्या हातात होता, आकडा या वेळी मीच वाचला आणि मीच लिहिला. शून्य. या वेळी खरा.